परदेशातल्या शाळेबरोबर पर्यावरण शिक्षणाची देवाणघेवाण: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

परदेशी शाळेबरोबर पर्यावरणाचा उपक्रम म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. प्रोजेक्टर लागतो, दोन्हीकडची मुलं हात हलवतात, आपल्याकडून स्वागतगीत, तिकडून स्लाइड शो, मग फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. महिन्याभराने तिकडच्या शिक्षकांचं नावही कुणाला आठवत नाही.

तसलाच कार्यक्रम करायचा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, तो एका दुपारी उरकतो. पण पाणी, कचरा, पूर, शेती हे विषय आपण मुलांना कसे शिकवतो ती रीत दुसऱ्या देशातल्या शिक्षकाला द्यायची असेल आणि त्याची आपल्याला घ्यायची असेल, तर थोडी तयारी लागते. हे सगळं करताना कागदपत्रं, वेळापत्रकं आणि माणसं यांत मी पुरेसा गुंतलो आहे. तुमचा वेळ वाचावा म्हणून क्रमाने लिहितो. शाळा, कॉलेज, तरुण मंडळ, छोटी संस्था, कुणालाही हे लागू पडेल.

## १. आधी आपली पद्धत कागदावर उतरवा

जोडीदार शोधायच्या आधी हे करा. बहुतेक जण उलटं करतात. मग तिकडून ‘तुम्ही नेमकं काय करता?’ असा मेल येतो आणि आपण वृक्षारोपणाचे फोटो पाठवून मोकळे होतो.

कोल्हापूरकडे द्यायला काही कमी नाही. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढायचे, असा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा इथल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर असतो. गणपतीत मूर्तीदान आणि निर्माल्यदान या शहराने स्वीकारलं, ते नुसत्या बंदीमुळे नव्हे. लोकांना हातातली मूर्ती मानाने ठेवायला दुसरी जागा मिळाली, हे त्यामागचं खरं कारण. लोकांची सवय कशी बदलते हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही. आणि पूर तर आहेच.

पुराचा उपक्रम नमुना म्हणून सविस्तर सांगतो. सुतारवाडा, जामदार क्लब, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली. या भागांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा शोधल्या तर सापडतात. कुठे रंगाने मारलेली रेघ, कुठे फुगलेलं प्लास्टर, कुठे एखादी आजी भिंतीला नुसता हात लावून ‘हितपर्यंत’ म्हणते. चार-पाच मुलांचा गट, मोजायची टेप, खडू, वही. रस्त्यापासून खुणेपर्यंतची उंची मोजायची, साल लिहायचं, सांगणाऱ्याचं अंदाजे वय लिहायचं. एकाच पुराबद्दल शेजारच्या दोन घरांत वेगळं ऐकू आलं तर दोन्ही लिहायचं, आपण निकाल द्यायचा नाही. वर्गात आल्यावर पुराच्या त्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर होतं ते जुन्या वर्तमानपत्रांतून काढायचं. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पण ‘बंधाऱ्यावर ५५ फूट म्हणजे माझ्या उंबऱ्यावर किती?’ हा प्रश्न मुलं तेव्हा पहिल्यांदा विचारतात. उपक्रमाचा सगळा जीव त्या प्रश्नात आहे, आणि पद्धत लिहिताना नेमका तोच सुटून जातो. ‘मुलांनी पूररेषांचे सर्वेक्षण केले’ एवढंच कागदावर उरतं.

म्हणून एका उपक्रमाला एकच पान आणि त्यात एवढ्या गोष्टी:

- कोणत्या इयत्तेसाठी, किती तास, वर्गात की बाहेर
- साहित्य काय, आणि ते इथे किती रुपयांत मिळतं
- मुलांनी हाताने काय केलं, पायरीपायरीने
- मुलांनी विचारलेले दोन-तीन प्रश्न, त्यांच्याच शब्दांत
- काम कुठे अडलं आणि मग काय केलं
- कोणत्या गोष्टीशिवाय हा उपक्रम दुसरीकडे चालणार नाही

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची आहे. पूररेषेच्या उपक्रमाला जुने रहिवासी लागतात. जिथे भाडेकरू दर दोन वर्षांनी बदलतात अशा शहरात तो तसाच्या तसा उचलून चालणार नाही. हे आपणच सांगितलं की समोरचा शिक्षक आपल्या पानावर भरवसा ठेवतो.

एक बारीक सूचना. परदेशी संस्था बोलताना १९७७ च्या तिबिलिसी जाहीरनाम्यातली पाच उद्दिष्टं गृहीत धरतात: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य, सहभाग. तुमच्या पानाच्या कडेला यांपैकी काय साधतं ते पेन्सिलीने लिहून ठेवा. बहुतेक शालेय उपक्रम पहिल्या दोनांतच अडकलेले असतात, तेही यातून आपोआप दिसतं. अर्ज भरायचा असेल तर शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ४.७ हे लक्ष्य आपल्या कामाचं, एवढं माहीत असलं तरी भागतं.

## २. सराव जवळच्या सीमेवर करा

हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण मी तो सोडत नाही. पहिली देवाणघेवाण जर्मनी-जपानशी नको. निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या कन्नड माध्यमाच्या शाळेशी करा. दूधगंगा कागल तालुक्यातून पुढे कर्नाटकातच जाते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणीही तिकडेच निघतं. नदी तीच, भाषा वेगळी, पाठ्यपुस्तक वेगळं. आणि पुराच्या संदर्भात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय निघाला की दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची मतं ठाम असतात. आपल्याला पुराबद्दल जे पक्कं वाटतं ते पलीकडच्या मुलांना तसं वाटत नाही, हा अनुभव मुलांना इथेच, एसटीच्या तिकिटात मिळतो.

यात परकीय निधीचा कायदा नाही, व्हिसा नाही, घड्याळाचा घोळ नाही. तुमचं एकपानी लिखाण दुसऱ्या भाषेतल्या शिक्षकाला समजतं का, याची परीक्षा मात्र पुरेपूर होते. तिथे जे समजलं नाही ते बाहेरच्या देशात तर मुळीच समजणार नाही.

## ३. जोडीदार निवडा, पण नकाशा बघून

युरोपातली शाळा मिळाली की संस्थेत वजन वाढतं, म्हणून सगळे तिकडे धावतात. कामाच्या दृष्टीने मला नेपाळ, बांगलादेश, केनिया अशी ठिकाणं जास्त उपयोगी वाटतात. वर्गात पन्नास मुलं, प्रयोगशाळेत साहित्य कमी, पाऊस आला की शाळा बंद, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. युरोपशी जोडायचंच असेल तर नेदरलँड्ससारखा देश बघा, ज्यांचं पाण्याशी जुनं नातं आहे.

शोधायचं कुठे?

- ग्लोब: १९९५ पासून चालू असलेला हा अमेरिकी पुढाकाराचा शालेय कार्यक्रम. भारत २००० मध्ये त्यात सामील झाला. हवामान, पाणी, माती यांच्या मोजमापाच्या ठरवून दिलेल्या पद्धती त्यांच्याकडे आहेत. जोडीदार मिळो न मिळो, त्या पद्धती वाचाच.
- इको-स्कूल्स: १९९४ मध्ये युरोपात सुरू झालेली, आता जगभर पसरलेली योजना. सात पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी म्हणजे मुलांचा भरणा असलेली समिती. आपल्याकडच्या हरित सेनेच्या (शाळेतल्या पर्यावरण मंडळाच्या) वहीशी ती बऱ्यापैकी जुळते.
- अहमदाबादचं पर्यावरण शिक्षण केंद्र: १९८४ पासूनची संस्था. इतर देशांतल्या शिक्षकांबरोबर काम केलेली माणसं इथे भेटतात.
- शिवाजी विद्यापीठ: पर्यावरणशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांचे परदेशी सहकारी असतात. विद्यापीठाने आवारातल्या तळ्यांत आणि विहिरींत पावसाचं पाणी कसं साठवलं, हाही पाहुण्याला दाखवण्यासारखा विषय.
- माजी विद्यार्थी: सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित वाट. तुमच्या शाळेची कुणीतरी मुलगी परदेशात असतेच, आणि तिची मुलं तिथल्या शाळेत जातात. तिला फोन करा.

पहिल्या पत्रात संस्थेचा इतिहास, मिळालेले पुरस्कार, संस्थापकांचा फोटो, यातलं काही नको. तीन ओळी आणि सोबत ते एक पान. उत्तर आलं नाही तर पंधरवड्याने एकदा आठवण करा, मग पुढचा पत्ता.

## ४. दोघांत मिळून एकच प्रश्न घ्या

‘हवामान बदल’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. ‘पाऊस पडून गेल्यावर नदीचं पाणी पुन्हा निवळ व्हायला किती दिवस लागतात?’ हा प्रश्न. ‘शाळेच्या डब्यातून रोज किती अन्न टाकलं जातं?’ हाही प्रश्न. एका सत्रात एकच घ्या.

मोजमाप आलं की खरी कटकट सुरू होते, म्हणून इथे जरा थांबतो.

पाण्याची पारदर्शकता घ्या. रंकाळ्यासारख्या साचलेल्या, खोल पाण्यात सेकी तबकडी चालते. काळा-पांढरा रंग दिलेली, २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी दोरीने सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली मोजायची. पंचगंगेच्या वाहत्या पाण्यात ती प्रवाहाबरोबर तिरकी होते आणि आकडा खोटा येतो. तिथे पारदर्शकता नळी हवी: तळाशी काळी-पांढरी खूण असलेली लांब नळी, पाणी भरत जायचं, खूण दिसेनाशी झाली की पातळी वाचायची. आता एका देशाने तबकडी वापरली आणि दुसऱ्याने नळी, तर दोन्ही आकडे सेंटिमीटरमध्ये असूनही शेजारी ठेवता येत नाहीत. मुलं मात्र ठेवतात, आणि ‘आमची नदी तुमच्यापेक्षा स्वच्छ’ असं भांडतात. म्हणून साधन, वेळ, किनाऱ्यापासूनचं अंतर आणि सावलीत वाचलं की उन्हात, हे आधी लेखी ठरवा.

एककांचंही तसंच. राजाराम बंधाऱ्याचे ४३ फूट म्हणजे सुमारे १३.१ मीटर. पण तेवढं सांगून भागत नाही. ती नदीची खोली नव्हे आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही नव्हे, त्या जागच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. हे न सांगता पाठवला तर तिकडचा शिक्षक आपल्या नदीच्या आकड्याशी तुलना करून मोकळा होईल. पाऊस मिलिमीटरमध्ये, कचरा दरडोई दर दिवशी ग्रॅममध्ये, जमीन गुंठ्यांत नव्हे तर चौरस मीटरमध्ये लिहा. मृगाचा पाऊस, आर्द्राचा पाऊस ही माहिती तिकडे आवडीने वाचली जाते. ती जरूर द्या, फक्त शेजारी तारखा घाला.

आणखी एक सापळा. शाळेच्या शौचालयामागचा नाला, नदीत मिसळणारं सांडपाणी, पाण्यावर पसरलेलं केंदाळ हे दाखवू नका असं वरून सुचवलं जातं. दाखवा. समोरच्यांनी स्वच्छ कालवा दाखवला आणि आपण फक्त रंकाळ्याची संध्याकाळ दाखवली, तर शिकायला दोघांनाही काही उरत नाही.

## ५. कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, पण जूनमध्येच उरका. ऑगस्टमध्ये कुणी हाती लागत नाही.

- मुख्याध्यापकांचं आणि संस्थेचं लेखी संमतिपत्र. मनपा किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेल तर वरच्या कार्यालयाला आधीच पत्र आणि पोच.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतला ठराव. दोन ओळींचा पुरतो, पण तो असला की पुढे कुणी ‘आम्हाला विचारलं नाही’ म्हणत नाही.
- पालकांची संमती, मराठीत. फोटो, व्हिडिओ, आवाज, नाव यांतलं काय वापरणार आणि कुठे, यासाठी वेगवेगळे रकाने. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. अकरावी-बारावीची मुलं ‘आमची सही चालेल’ म्हणतील, पण ती चालत नाही.
- दोन्ही संस्थांमधलं सहकार्यपत्र, फार तर दोन पानं. कोण काय करणार, साहित्य कुणाच्या नावावर, मुलांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार व्यक्ती कोण, आणि कुणालाही मध्येच थांबायचं असेल तर कसं.
- संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तालयातलं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. परदेशी संस्था हे पहिल्याच महिन्यात मागतात.

मुलांची पूर्ण नावं, शाळेचा गणवेश स्पष्ट दिसणारे फोटो आणि घराचा पत्ता एकत्र कुठेही जाऊ देऊ नका. मुलांनी तिकडच्या मुलांशी परस्पर मोबाइल नंबर बदलले तर ते थांबवणं अवघड असतं, म्हणून सगळा संवाद शाळेच्या खात्यावरून होईल हे पहिल्या दिवशीच सांगा.

## ६. पैसा, वस्तू आणि बियाणं: इथे जपून

तिकडची मंडळी चांगल्या मनाने म्हणतात, ‘आम्ही थोडे पैसे गोळा केलेत, पाठवतो.’ लगेच खाते क्रमांक देऊ नका.

परकीय योगदान (नियमन) कायदा २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही, रक्कम कितीही लहान असली तरी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि नोंदणी असलेली संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला वाटू शकत नाही. म्हणजे ‘त्या मोठ्या संस्थेच्या खात्यावर घेऊ आणि मग आपल्याकडे वळवू’ ही जुनी पळवाटही बंद आहे.

यातली दोन वळणं लोकांना ठाऊक नसतात. एक, ‘परकीय योगदान’ म्हणजे फक्त पैसे नव्हेत, वस्तूही त्यात येतात. पाणी तपासायचा महागडा संच भेट म्हणून येणार असेल तर आधी सीएंना विचारा. दोन, परदेशात राहणारा माजी विद्यार्थी अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर ते परकीय योगदान धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असो वा नसो.

माझं मत सरळ आहे: पहिली दोन वर्षं पैशाशिवाय करा. दोन्ही बाजूंनी आपापला खर्च करायचा. वरची सगळी साधनं स्थानिक बाजारात बनतात. पारदर्शकता नळी प्लास्टिकच्या पारदर्शक पाइपची होते आणि तबकडी एखाद्या जुन्या सीडीला रंग देऊनही होते. फक्त सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर असतो, म्हणून दोन्ही देशांनी सीडीच वापरायची.

आता बियाणं. ‘तुमच्याकडची देशी बियाणं पाठवा, आम्ही आमची पाठवतो’ ही कल्पना प्रत्येक वेळी कुणाला तरी सुचते. पाकिटातून बी पाठवायचं नाही आणि मागवायचंही नाही. भारतात बियाणं आणायला वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. मातीची तर आयातच बंद आहे, खास परवानगीशिवाय. उलट दिशेने, इथली जैविक संसाधनं परदेशी व्यक्तीला अभ्यासासाठी द्यायची तर जैवविविधता कायदा २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यता लागते. पाहुण्याने राधानगरीच्या जंगलातून हौसेने पानं वहीत घालून नेणं यात बसू शकतं. चित्रं काढा, फोटो काढा, बी उगवल्याच्या नोंदी पाठवा. त्याला कुणाची हरकत नाही.

## ७. कॅलेंडर शेजारी शेजारी लावा

आपली शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. बांगलादेशात शैक्षणिक वर्ष जानेवारीत, जपानमध्ये एप्रिलमध्ये, युरोपात साधारण सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं. आठवड्याची सुट्टीही वेगळी: नेपाळमध्ये शनिवारी असते, बांगलादेशात शुक्रवारी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वाढलं की शाळेचं निवारा केंद्र होतं. मग गणपती, मग नवरात्र-दसरा, मग सहामाही आणि दिवाळी. प्रत्यक्षात सलग काम होतं ते दिवाळीनंतर जानेवारीच्या अखेरपर्यंत. हे समोरच्यांना आधीच सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपण टाळतोय.

घड्याळाचं: नेपाळ आपल्यापुढे १५ मिनिटं, बांगलादेश अर्धा तास, जपान साडेतीन तास. केनिया अडीच तास मागे. नेदरलँड्स उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, कारण ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात. ऑक्टोबरच्या अखेरीस ठरवलेली मीटिंग यात हमखास फसते. आमंत्रणात दोन्ही देशांची वेळ लिहा.

## ८. ऑनलाइन वर्ग

थोडक्यात. झूमची फुकट मीटिंग ४० मिनिटांनी तुटते, गूगल मीटची तीन किंवा जास्त सहभागी असले की ६० मिनिटांनी. तेवढा वेळ पुरे. मुलांना एकाच पडद्यासमोर कोंबू नका, सहा-सात जणांचे गट करून पाळीने बोलवा. बाकीच्यांनी तेव्हा काम करायचं.

मुलांना मराठीतच बोलू द्या. इंग्रजीत बोलायला लावलं की हुशार दोघं-तिघं पाठ केलेलं म्हणतात, आणि ज्या पोराने खरंच नदीत उतरून नळी भरली ते मागे बसतं. एक शिक्षक मध्ये राहून भाषांतर करेल. वेळ दुप्पट जातो, म्हणून प्रश्न निम्मे ठेवा. तिकडच्या मुलांनाही त्यांच्या भाषेत बोलायचं असतं, विचारून बघा.

लाइट जाणार हे गृहीत धरा. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा आणि महत्त्वाचं सगळं आधीच ध्वनिफितीत पाठवून ठेवा.

## ९. तालीम, मंडळ, बचत गट

शाळेपुरतं ठेवलं तर काम दहावीच्या वर्गाबरोबर शाळा सोडून जातं. कोल्हापुरात समाजातली संस्था म्हणजे तालीम, आणि परदेशी जोडीदाराला तालीम दोन ओळींत समजावून सांगावी लागते: आखाडा, गणेश मंडळ, फुटबॉल संघ आणि पुराच्या वेळी लोकांना खांद्यावर घेऊन बाहेर काढणारी पोरं, हे सगळं एकाच छपराखाली. हे ऐकल्यावर तिकडचे लोक जेवढे प्रश्न विचारतात तेवढे आपल्या ‘कृती आराखड्या’बद्दल कधी विचारत नाहीत.

तालमीत जाताना व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून जाऊ नका. अध्यक्षांना आणि एखाद्या जुन्या वस्तादांना जाऊन भेटा, चहा घ्या, मग विषय काढा. गणपतीच्या आधीचा महिना आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या संघाचा सामना असेल तो दिवस सोडून. ‘पर्यावरण जनजागृती करूया’ म्हणालात तर मान डोलावतील आणि विसरतील. ‘२०१९ ला तुमच्या पोरांनी कुठल्या गल्लीतनं माणसं काढली, कुठली गल्ली चुकली, ते पोरांना नकाशावर दाखवाल का?’ असं विचारा. रात्री अकरापर्यंत उठू देणार नाहीत.

बचत गटातल्या मावश्या-काकूंकडे ओल्या कचऱ्याचं, निर्माल्याच्या खताचं, उन्हाळ्यात पाणी पुरवून वापरण्याचं जे ज्ञान आहे, ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं. त्यांना ‘लाभार्थी’ म्हणून बोलावू नका, शिकवायला बोलवा, आणि पाठवायच्या पानावर पद्धत त्यांच्या गटाच्या नावाने घाला. नाव घालू का, हे मात्र आधी विचारा.

पूरग्रस्त घरांत जाताना एक पथ्य पाळा. खुणा दाखवणारा माणूस त्या रेषेखाली काय काय वाहून गेलं तेही सांगत असतो. मुलांनी तेव्हा टेप बाजूला ठेवून ऐकायचं आणि कॅमेरा खिशात ठेवायचा. परदेशी पाहुणे सोबत असतील तर त्यांनाही हे गल्लीत शिरायच्या आधी सांगा.

## १०. पाहुणे आले तर

व्हिसाचा प्रकार त्यांनी भारतीय दूतावासाला विचारून ठरवावा. पर्यटक म्हणून येऊन आठवडाभर वर्ग घेणं अडचणीचं ठरू शकतं. तुम्ही द्यायचं ते निमंत्रणपत्र: तारखा, ठिकाण, कामाचं स्वरूप, राहण्याची सोय. पाहुणा कुणाच्या घरी उतरला तरी यजमानाने २४ तासांच्या आत त्याची नोंद सरकारी पोर्टलवर करायची असते, हॉटेलात हॉटेलवाले करतात. घरी उतरवणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

कार्यक्रम आखताना पन्हाळा-महालक्ष्मी-तांबडा-पांढरा यात सगळे दिवस घालवू नका. एक पूर्ण दिवस मोकळा सोडून त्यांना शाळेच्या नेहमीच्या तासाला मागच्या बाकावर बसवा. हंगाम असेल तर गुऱ्हाळावर न्या. रस काढून उरलेली चिपाडं वाळवून त्याच रसाच्या काहिलीखाली कशी जळतात, हे मुलांनीच समजावून सांगायचं. मग पाहुण्यांना धुराबद्दल विचारू द्या आणि मुलांनाच उत्तर देऊ द्या.

## ११. जे झालं ते वापरता येईल असं ठेवा

तयार झालेली पानं, तक्ते, नकाशे यांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना घाला. श्रेय देऊन कुणीही वापरावं, बदलावं, असा साधा परवाना शाळांना सोयीचा. फोटो त्यातून वगळा, कारण पालकांनी फोटो बदलून वापरायला संमती दिलेली नसते. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर मुलं नोंदी टाकत असतील तर घराच्या आसपासच्या नोंदींचं ठिकाण धूसर ठेवायचा पर्याय निवडायला लावा.

जोडीदाराने आपली पद्धत बदलून वापरली तर बदललेलं पान मागून घ्या. तिकडे पूर येत नसेल आणि त्यांनी तीच रीत वापरून बर्फाच्या किंवा दुष्काळाच्या खुणा मोजल्या असतील, तर ते पान पुढच्या वर्षी आपल्या वर्गात कामाला येतं. उन्हाळ्यात तळी आटतात तेव्हा आपल्यालाही खालच्या खुणा मोजायच्या असतातच.

आणि ईमेल खातं, ड्राइव्ह, झूमचा पासवर्ड हे सगळं पहिल्या दिवसापासून शाळेच्या नावाने उघडा, शिक्षकाच्या खाजगी खात्यावर नको. उन्हाळ्यात बदल्या होतात. पुढच्या वर्षी येणाऱ्या सरांना किंवा मॅडमना कपाटात एक फाइल मिळाली पाहिजे: सहकार्यपत्र, जोडीदार शिक्षकाचा संपर्क, ठरलेली मोजमाप पद्धत, सगळी एकपानी लिखाणं आणि पुढच्या मीटिंगची तारीख, दोन्ही देशांच्या वेळेसह.